पहिल्या रात्रीची लोकर

कडकभाऊंना गल्लीनं हे नाव दिलं ते स्वभावावरून नाही. कडकपणा त्यांच्यात औषधालाही सापडायचा नाही. गिऱ्हाईक कपड्यांचा गठ्ठा टाकताना "इस्त्री कडक पाहिजे हं" म्हणायचं, आतून भाऊ "कडकच" म्हणायचे, आणि हे इतकी वर्षं चाललं की शेवटी गठ्ठे परत गेले आणि नाव मागे राहिलं. बाकी माणूस म्हणजे धुऊन धुऊन मऊ पडलेला टॉवेल. कुणीही यावं, हात पुसावेत, पुढे जावं.

लाँड्रीचं दुकान खाली, घर त्याच्यावर, घरावर गच्ची. दुकानात शिरलं की डाव्या हाताला काउंटर, समोर वाफेच्या इस्त्रीचं लांब टेबल आणि मागच्या खोलीत तयार कपड्यांचे दांडे. कोट, साड्या, पडदे, सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत टांगलेलं. त्या खोलीतून चालायचं म्हणजे गर्दीतून वाट काढल्यासारखं, फक्त गर्दीला डोकी नाहीत. भाऊ या डोकी नसलेल्या मंडळींत खूश असत. डोकी असलेल्यांशी त्यांचं फारसं जमायचं नाही असं नाही, पण डोकं असलेला माणूस कधी ना कधी विचारतो, "मग काय ठरलं?" आणि ठरवायचं म्हटलं की भाऊ प्रार्थनेला बसतात.

श्रद्धा खरी होती, त्यात खोट नाही. सकाळी दुकान उघडण्याआधी इस्त्रीच्या टेबलावर शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून वाचायचे, डोळे मिटून बसायचे आणि मगच बॉयलर पेटवायचे. पण जुना बॉयलर बदलावा की नाही, यावर त्यांनी इतके महिने प्रार्थना केली, की शेवटी निर्णय बॉयलरनंच घेतला. एका सकाळी तो फुटला. भाऊ म्हणाले, "उत्तर आलं."

वहिनी केसांतला चुना झाडत म्हणाल्या, "जरा हळू आवाजात आलं असतं तरी ऐकू आलं असतं."

वहिनी म्हणजे भाऊंच्या पत्नी. गल्लीचा असा समज आहे की दुकान देवाच्या कृपेनं आणि वहिनींच्या तोंडानं चालतं. गल्लीचे समज सहसा चुकीचे असतात. हा नाही.

दुकान मुळात उभं केलं ते भाऊंच्या आईवडिलांनी. वडील लवकर गेले. आईनं दुकानही चालवलं आणि मुलालाही. सगळे त्यांना मालकीणबाई म्हणायचे. शर्टाच्या कॉलरीला इस्त्री करावी तर त्यांनीच. टोकाकडून मध्याकडे, कधीही उलटं नाही, नाहीतर टोकाला सुरकुती साचते. वहिनी लग्न होऊन आल्या, त्या दिवसापासून त्यांच्या प्रत्येक कॉलरीला मालकीणबाईंचा हात लागला. हात म्हणजे शब्दशः हात. वहिनींनी घडी घालून ठेवलेला शर्ट गिऱ्हाइकासमोर उघडायचा, कॉलर पुन्हा दाबायची आणि म्हणायचं, "नवीन आहे, शिकेल." पंधरा वर्षांनीही वहिनी नवीनच. एकदा एका नवरदेवाचा शर्ट असाच उघडला गेला, तेव्हा वहिनींनी बॉयलर बंद केला, किल्ली काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "दुकान तुमचं, कॉलर तुमची. मी वर जाते. वर याल तेव्हा सांगा, मी अजून वर जाईन."

संध्याकाळी मालकीणबाई बॅग भरून लेकीकडे राहायला गेल्या. भाऊ जिन्यात उभे होते. कुणाला थांबवावं, हे ठरेपर्यंत रिक्षा निघून गेली होती.

त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मग या थंडीच्या सुरुवातीला बहिणीचा फोन आला.

"दादा, यांची बदली झाली. तिकडे घर मिळालंय ते चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आईचे गुडघे तुला माहीत आहेत."

"हो ना," भाऊ म्हणाले.

"हो ना काय? आईचं काय करायचं?"

"प्रार्थना करतो."

"कर. पण महिनाअखेरीला ट्रक येतोय, तो प्रार्थनेला थांबणार नाही."

भाऊ पाळकांकडे गेले. चर्चचे पाळक समजूतदार माणूस. त्यांनी सांगितलं, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्याच, वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झाली आहे. स्वच्छ जागा, चांगली माणसं, डॉक्टर येतो. मात्र रविवारपर्यंत कळवावं लागेल, कारण खाटेला वाट बघणारे पुष्कळ आहेत.

म्हणजे प्रश्न सरळ होता. आई घरी येणार की आश्रमात जाणार. रविवारपर्यंत सांगायचं. भाऊंनी हा प्रश्न देवापुढे मांडला, पाळकांपुढे मांडला, इस्त्री करता करता एका परक्या कोटापुढेही मांडला. वहिनींपुढे मांडला नाही. वहिनींना फोनवरचं सगळं जिन्यातून ऐकू आलं होतं, पण ऐकू येणं वेगळं आणि विचारलं जाणं वेगळं. त्यांनी तोंड मिटून ठेवलं. वहिनींनी तोंड मिटलं की गल्लीतले जाणकार छत्री बाहेर काढतात.

त्यात गुरुवार आला.

गुरुवारी संध्याकाळी मंडळीतली काही माणसं आळीपाळीनं एकमेकांकडे शास्त्रपाठाला जमत. पाळकांनी त्याला एक नियम घातला होता: ज्याच्या घरी बैठक, त्यानं त्या दिवसाचा उतारा आपल्या धंद्याच्या नजरेनं उलगडायचा. शास्त्रातली माणसं कोळी होती, सुतार होती, मेंढपाळ होती, तंबू शिवणारी होती, मग आपण सगळेच पाळकासारखे का बोलतो, असं त्यांचं म्हणणं. नियम चांगला होता, पण त्याला फळं चित्रविचित्र लागली. बेकरीवाल्यानं खमिरावर इतकं सुंदर सांगितलं, की निम्मी मंडळी मध्येच उठून पाव घ्यायला गेली. दाताच्या डॉक्टरांच्या वाट्याला नरकातलं रडणं आणि दात खाणं आलं. त्यांनी गंभीरपणे सांगितलं, की झोपेत दात खाण्यावर उपाय आहे, जबड्याचं माप घेऊन एक प्लास्टिकचा साचा बसवतात, नरकाचं त्यांना माहीत नाही.

या गुरुवारी पाळी लाँड्रीची. शटर अर्धं खाली ओढून कोटांच्या दांड्यांखाली खुर्च्या मांडल्या होत्या. उतारा क्रमानं आला तो नेमका लोकरीचा. शत्रूच्या भीतीनं द्राक्षं तुडवायच्या कुंडात लपून गहू झोडणारा एक शेतकरी. देव त्याला म्हणतो, ऊठ, तुझ्या लोकांना सोडव. शेतकऱ्याला पटत नाही. तो म्हणतो, मी रात्री खळ्यात लोकर पसरतो. सकाळी लोकर ओली आणि जमीन कोरडी असली, तर तू खरंच मला पाठवतो आहेस असं समजेन. सकाळी तसंच होतं. लोकर पिळून तो वाडगाभर पाणी काढतो. तरी समाधान नाही. रागावू नकोस, म्हणतो, फक्त आणखी एकदा. आता लोकर कोरडी राहू दे आणि जमीन ओली होऊ दे. दुसऱ्या सकाळी तसंही होतं.

"लोकर आणि लाँड्री," बेकरीवाला म्हणाला. "हे तर देवानंच जुळवलं. सांगा भाऊ."

भाऊ उठले. घसा साफ केला. "लोकरीला गरम पाणी दाखवू नये," ते म्हणाले. "आणि लोकर पिळू तर नयेच. आकार जातो. त्या माणसानं पिळली, ते मला पटलं नाही. दोन टॉवेलांत गुंडाळून दाबायला हवी होती." आणि खाली बसले.

मंडळी हसली. पाळकही हसले, मग म्हणाले, "ठीक. पण मला त्या माणसाचं एक आवडतं. त्याला भीती वाटली ती त्यानं लपवली नाही, देवाला सरळ विचारलं. शहाणपण कमी पडलं तर मागावं. मागणाऱ्याला देव टोमणा न मारता देतो, असं शास्त्रात आहे."

वहिनी चहाचे कप फिरवत होत्या. भाऊंपाशी येऊन त्या जराशा थांबल्या, नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि कप जरा जास्तच जोरात ठेवून पुढे गेल्या. भाऊंनी काहीतरी गिळलं होतं, आणि तो चहा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद झाल्यावर भाऊ मागच्या खोलीत गेले. सगळ्यात वरच्या दांड्यावर लोकरीचं एक ब्लँकेट कधीपासून लटकत होतं. कुणीतरी धुवायला टाकलं आणि न्यायला आलंच नाही. भाऊंनी ते उतरवलं, गच्चीवर नेलं, सिमेंटवर पसरलं, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि गुडघे टेकले. प्रार्थना साधी होती. प्रभू, सकाळी ब्लँकेट ओलं आणि जमीन कोरडी असली, तर आईला आश्रमात पाठवावं अशी तुझी इच्छा आहे असं मी समजेन. मला शहाणपण दे. आमेन.

उठताना त्यांना हलकं वाटलं. ओझं योग्य ठिकाणी पोचवल्यासारखं.

सकाळी ते वर गेले. ब्लँकेटच्या तंतूतंतूवर दवाचे मणी. तळवा ठेवला तर ओला झाला. बाजूच्या सिमेंटवरून हात फिरवला, कोरडं. भाऊ बराच वेळ उकिडवे बसून राहिले. उत्तर आलं होतं, आणि या खेपेला काही फुटलंही नव्हतं. आता त्यांना बरं वाटायला हवं होतं.

"वाळत घातलंय की भिजत?" मागून वहिनींचा आवाज आला.

भाऊंना खोटं बोलता येत नाही. तेवढं चटकन त्यांना काही ठरवताच येत नाही. त्यांनी सगळं सांगितलं. लोकर, जमीन, आई, आश्रम.

वहिनींनी वाकून ब्लँकेटला हात लावला. मग सिमेंटला.

"अहो, पाऊस नसला, नुसतं धुकं असलं, तरी सकाळी कोटांना इस्त्री कोण करू देत नाही?"

भाऊ कोपऱ्यावरची वीट सरळ करू लागले.

"'लोकर हवेतलं पाणी पिऊन बसलीय, जड झालीय, ऊन येऊ दे,' हे मला कुणी शिकवलं? आणि हे सिमेंट दिवसभराचं तापलेलं, त्याच्यावर दव बसतं का? या दिवसांत तुम्ही इथं ब्लँकेट पसरा, मी पसरते, तो दाताचा डॉक्टर येऊन पसरू दे. सकाळी ब्लँकेट ओलं आणि जमीन कोरडी. देव उठायच्या आधी."

"पण शास्त्रात तसंच..."

"शास्त्रातल्या त्या माणसाचं मला सांगू नका. त्याचा धंदा गव्हाचा होता. तुमचा लोकरीचा आहे." वहिनींनी पदर खोचला. "गुरुवारी सगळे तुमच्या तोंडाकडे बघत होते, तेव्हा हे का नाही सांगितलंत? गरम पाणी दाखवू नये म्हणे. ते तर ब्लँकेटच्या लेबलवरसुद्धा लिहिलेलं असतं."

भाऊंनी मान खाली घातली. का सांगितलं नाही, हे त्यांना तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलं. सांगितलं असतं, तर मग ते ब्लँकेट पसरता आलं नसतं.

देवाला विचारायच्या आधी त्यांनी उत्तर स्वतःच धुऊन, घडी घालून ठेवलं होतं. नाही म्हणायचं होतं त्यांना, आणि ते देवाच्या आवाजात ऐकायचं होतं. आईला काय सांगायचं, तेही तयार होतं: आई, मी ठरवलं नाही, वरून आलं.

"चुकलो," भाऊ म्हणाले. मग थोड्या वेळानं, "त्यानंही दुसऱ्यांदा विचारलं होतं. आज उलटं मागतो. ब्लँकेट कोरडं राहिलं, तर आई घरी येईल."

"लोकर. गच्चीत. या दिवसांत. कोरडी."

"देवाला अशक्य नाही."

"देवाला नाही," वहिनी म्हणाल्या आणि बॉयलर पेटवायला खाली गेल्या.

त्या दिवशी दुकानात दोघं कामापुरतं बोलली. चिठ्ठी दे, हँगर दे, बटण तुटलंय बघ. संध्याकाळी भाऊंनी ब्लँकेट झटकून पुन्हा पसरलं, त्याच जागी, त्याच विटा. या वेळची प्रार्थना लांबली. पहिल्यांदा ते वकिलासारखे बोलले होते, मुद्दा मांडून मोकळे. आता मुद्दा सापडेना. आई आली, तर रोज सकाळपासून कॉलरीवरून महाभारत आणि आपण दोघींच्या मध्ये, टेबलावर पसरलेल्या शर्टासारखे, इकडूनही वाफ आणि तिकडूनही. आई आश्रमात गेली, तर दर रविवारी भेटायला जायचं, आणि ती विचारणार, दुकान कसं चाललंय. याच्या पुढे त्यांना विचार करता आला नाही. शेवटी ते इतकंच म्हणाले, "मला काय हवंय ते मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर बघ." मंडळीत ज्या प्रार्थना होतात, त्यांच्या मानानं ही फारच कच्ची. पण अटीशिवायची त्यांची ती पहिलीच.

रविवारी उजाडताच ते वर गेले. सिमेंटवर चार विटा होत्या. ब्लँकेट नव्हतं.

आधी त्यांना वाटलं, वारा. मग वाटलं, चोर. मग, माणूस श्रद्धाळू असल्यामुळे, क्षणभर तिसरंही वाटलं, आणि त्यांनी आभाळाकडे बघितलं. आभाळात काही नव्हतं. खालून मात्र लोखंड फरशीवर घासल्याचा आवाज येत होता.

मागच्या खोलीत वहिनींनी कोटांचे दोन दांडे भिंतीला सारले होते. मोकळ्या झालेल्या जागेत जुनी लोखंडी खाट, खाटेवर गादी, गादीवर ते ब्लँकेट, कडा चारी बाजूंनी आत खोचलेल्या.

भाऊंनी हात लावून पाहिला. "कोरडं आहे."

"कोरडंच असणार. तुम्ही झोपलात तसं मी उचलून आणलं."

"मग हे... धरायचं का?"

"ते तुमचं तुम्ही देवाशी बघा. मी दव पडायच्या आधी कपडे आत आणते. माझ्या आईनं मला एवढंच शिकवलं, आणि तुमच्या आईला तेही पसंत नव्हतं." वहिनी खाटेच्या कडेवर बसल्या. "देवाला विचारलंत. पाळकांना विचारलंत. या ब्लँकेटला विचारलंत, दोनदा. या घरात आणखी कुणी राहतं का?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"मग?"

"मग पुन्हा विचारायचं. तुमच्या त्या शेतकऱ्याला एवढं कळलं होतं."

भाऊ समोरच्या स्टुलावर टेकले. आजूबाजूला कोट लटकत होते, पण त्यांच्या मदतीला एकही आला नाही. "आईला इथं आणू का?" त्यांनी विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी स्टूल जरा पुढे ओढलं. "आईला इथं आणू का?"

वहिनींनी ब्लँकेटवरची एक सुरकुती तळव्यानं दाबली, कडेकडून मध्याकडे. "आश्रमात गेल्या, तर तुम्ही रविवारी भेटून याल आणि शनिवारपर्यंत तोंड पाडून बसाल. त्यापेक्षा त्या इथं असू देत. निदान तोंड मी पाडीन, तुम्ही कामाला लागाल. मला त्या आवडत नाहीत. तो वेगळा विषय आहे. पण एक सांगून ठेवते, दुकानातल्या कॉलरीला त्यांचा हात लागायचा नाही. हे त्यांना तुम्ही सांगायचं. मी नाही, पाळक नाही, ब्लँकेट नाही. तुम्ही."

शास्त्राप्रमाणे देव शहाणपण टोमण्याशिवाय देतो. कडकभाऊंना ते टोमण्यांसकट मिळालं, पण मिळालं. त्या दिवशी उपासनेनंतर त्यांनी पाळकांना सांगितलं, खाट दुसऱ्या कुणाला द्या. पाळकांनी विचारलं, "प्रार्थनेचं उत्तर मिळालं?" भाऊ म्हणाले, "बायकोचं मिळालं. देवाचं अजून बघतोय."

मालकीणबाई आल्या त्या ट्रकच्या आदल्या दिवशी, त्याच बॅगेसह. बहीण बाहेरच्या बाहेर निरोप घेऊन गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि सुटल्याचा भावही. मालकीणबाईंनी खाट बघितली, दांडे बघितले, मग ब्लँकेटचं टोक उचलून नाकाशी नेलं.

"हे कुणाचं?"

"गिऱ्हाइकाचं. न्यायला आलंच नाही कुणी," भाऊ म्हणाले.

"म्हणजे दुसऱ्यानं टाकलेलं मला."

"धुतलेलं आहे," दारातून वहिनी म्हणाल्या.

"वास येतोय. तू धुतलंस?"

"मी."

मालकीणबाईंनी आणखी एकदा वास घेतला. काही म्हणाल्या नाहीत. भाऊंच्या आठवणीत हे पहिल्यांदाच घडत होतं. तेवढ्या शांततेत त्यांनी सांगून टाकलं, "आई, दुकानातल्या कॉलरीला हात लावायचा नाही." वाक्य पूर्ण झालं. मालकीणबाईंनी मुलाकडे असं बघितलं, जणू बदलीवर कुणी दुसराच पाठवलाय. मग पाय वर घेतले आणि ब्लँकेट गुडघ्यांवर ओढलं.

पुढे शास्त्रपाठाची पाळी फिरत फिरत पुन्हा लाँड्रीवर आली. उतारा वेगळा होता, पण भाऊंनी हात वर केला. मागच्या खेपेचं थोडं राहिलंय, म्हणाले. आणि ते न सांगितलेलं सांगितलं: पहिल्या रात्री लोकर ओली होणं हा लोकरीचा स्वभावच आहे. ज्याला लोकर कळते, त्यानं पहिल्या रात्रीचं उत्तर उत्तर म्हणून धरू नये. त्या शेतकऱ्याला ते कळलं असावं, आणि तो वरमला असावा. म्हणून तर तो दुसऱ्यांदा विचारताना आधी म्हणतो, रागावू नकोस. खरा प्रश्न दुसऱ्या रात्रीचा.

मग पाळकांनी विचारलं, "पण मग दुसऱ्या रात्री लोकर कोरडी राहिली कशी?"

"तिकडचं मला माहीत नाही," भाऊ म्हणाले. "आमच्याकडे हिनं उचलून आत आणली."

दाताचे डॉक्टर आधी हसले, मग सगळे. पाळक हसू आवरत म्हणाले, "त्या माणसालाही बायका पुष्कळ होत्या, असं पुढे लिहिलं आहे."

"मग झालं," कोटांच्या मागून मालकीणबाई म्हणाल्या.

त्या काठी टेकत बाहेर आल्या आणि पाळकांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. त्यांनी वाकून पाळकांच्या शर्टाची कॉलर न्याहाळली, दोन बोटांनी टोक दाबलं, मग दुसरं. भाऊंनी वहिनींकडे बघितलं. वहिनी कपबशा गोळा करत होत्या.

"ही दुकानातली नाही," मालकीणबाई कुणालाही न उद्देशून म्हणाल्या. "ही गळ्यातली आहे."

वहिनींनी पाळकांच्या हातातला रिकामा कप घेतला. "इस्त्री कुणी केली, पाळक?" त्यांनी विचारलं.

"मीच. घरी."

"दिसतंय," दोघी एकदमच म्हणाल्या.